दाराशी ठेवलेला डबा

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, आमच्या कॉम्प्लेक्समध्ये मराठी विद्यार्थ्यांनी एक सोयीचा शोध लावला होता. कोणाकडे काही खायला पाठवायचं झालं, की ते दह्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यातून पाठवायचं. डबा परत करायची भानगड नाही. खाल्लं, डबा कचऱ्यात टाकला, विषय संपला. समोरच्या बिल्डिंगमध्ये काकू मुलाकडे राहायला आल्या आणि महिन्याभरात त्यांनी हा शोध मोडीत काढला.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच दारात. हातात आमचाच निळ्या पट्ट्याचा दह्याचा डबा होता. आदल्या आठवड्यात माझ्या नागपूरच्या रूममेटने त्यातून त्यांच्या मुलाला छोले दिले होते. आता डबा घासूनपुसून लख्ख, आणि आत थालीपिठाचे चार तुकडे, वर लोण्याचा गोळा.

"काकू, हा फेकायचा होता," मी म्हणालो.

"भांडं कुठं फेकतात होय?"

"भांडं नाही हो. दह्याचा डबा आहे."

"त्यात छोले होते का नव्हते? मग झालं भांडं. आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं आणू?"

हे एकदा झालं असतं तर ठीक होतं. पण थालीपीठ खाऊन झाल्यावर डबा आमच्या ओट्यावर बसून राहिला आणि दोन दिवसांनी रूममेटलाच चैन पडेना. त्याने त्यात शिरा भरून पाठवला. शिऱ्याच्या डब्यातून मेथीचे लाडू आले. लाडवांच्या डब्यातून आमची चिकट साबुदाण्याची खिचडी गेली. हळूहळू सगळ्या कॉम्प्लेक्समध्ये आठदहा डबे फिरायला लागले आणि ज्या मुलांना मॅगीपलीकडे काही येत नव्हतं ती पोहे करायला शिकली. "यार, हे कधी थांबते की नाही?" असं रूममेट म्हणायचा आणि कांदा चिरायला घ्यायचा.

काकूंबद्दल तिथला कोणीही बोलायला लागला की प्रेमाने बोलतो. मला तसं जमणार नाही. साठीच्या, इंग्रजीचे दहा शब्द येणाऱ्या, माझ्या वाटेला कधीही न गेलेल्या त्या बाईंचा मी आठ महिने मनापासून हेवा केला. एखाद्या हुशार वर्गमित्राचा करावा तसा केला, आणि त्याची लाज मला त्या वेळी अजिबात वाटली नाही. वर्गमित्र निदान परीक्षेला बसतो. या बाई परीक्षेला न बसताच पहिल्या येत होत्या.

काकू मिरजेच्या. यजमानांचं भांड्यांचं दुकान होतं. ते अचानक गेले आणि पुढची वीस वर्षं काकूंनीच गल्ल्यावर बसून ते चालवलं. लग्नाची, बारशाची, वास्तुशांतीची भांडी घ्यायला माणसं यायची. त्यांवर नाव घालून द्यायचं काम काकूंचं. आधी छिन्नी-हातोडीने टिंबाटिंबांनी, मग टर्र आवाज करणारं मशीन आलं. "अर्ध्या मिरजेचे नवरा-नवरी माझ्या हाताखालून गेलेत," असं त्या सांगायच्या. त्यामुळे सवय अशी, की दिसेल ते भांडं उचलायचं, उलटं करायचं आणि आधी बूड बघायचं. स्टेट कॉलेजच्या दुकानातल्या शेल्फवरच्या पातेल्यांना त्या बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायच्या आणि मुलगा दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहायचा. एकदा त्यांनी भरलेला कॉफीचा मग असाच उलटा केला होता. तो कोणाचा होता ते पुढे येईल.

दुसरं म्हणजे नाक. "घासलं तरी भांडं चहाडी करतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. यावर माझा विश्वास बसेना, म्हणून एका रविवारी दुपारी रूममेटने सात डबे साबणाने घासून, वाळवून टेबलावर मांडले. काकूंनी एकेक नाकाशी धरला.

"ह्यात छोले. ह्यात सांबार, त्याआधी छोले. ह्यात लोणचं, ते पण गोडं. ह्यात... अरे, ह्यात मासे ठेवलेत आणि मला सांगता आम्ही घरात करत नाही?"

सातांपैकी सहा बरोबर आले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पोटात दुखलं. कारण नेमका हाच माझा पीएचडीचा विषय होता. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत मुरलेली चरबी काढायची, यंत्रात घालायची आणि त्यात कधीकाळी काय शिजलं ते ओळखायचं. माझ्या यंत्राला एका तुकड्याला दोन दिवस लागायचे आणि त्यानंतरही ते छातीठोकपणे काही सांगत नसे. मी सातव्या डब्यावर अडून बसलो. "तो चुकलाच ना पण," असं मी दोनदा म्हणालो. कोणी लक्ष दिलं नाही.

त्यांना लॅबमध्ये मीच नेलं. त्यांचा मुलगा एकदा म्हणाला, "अरे, आई घरात बसून वैतागलीये. तुमच्याकडे मडकी धुवायला व्हॉलंटियर्स लागतात ना? नेशील का तिला?" नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही. मग मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी काकू आणि मी कॅम्पसच्या बसने जायला लागलो. बसचा ड्रायव्हर आठवड्याभरात त्यांना "गुड मॉर्निंग, मॉम" म्हणायला लागला. मी त्या बसने तीन वर्षं जात होतो.

आमच्या प्रोफेसरबाई म्हणजे अबोल बाई. तीस उन्हाळे सिसिलीच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या बंदरात खणण्यात घालवलेल्या. मी आणलेला निकाल वाचून त्या "हं" म्हणायच्या. त्या "हं"चे अर्थ लावण्यात माझे शनिवार-रविवार जायचे. तर या बाईंच्या कॉफीचा मग काकूंनी पहिल्याच दिवशी बूड बघायला उलटा केला आणि कॉफी टेबलभर सांडली. मला वाटलं, संपलं. प्रोफेसरबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पुढच्या मंगळवारी काकूंच्या खुर्चीवर उशी आलेली. त्याच्या पुढच्या मंगळवारी काकूंनी दिलेला गूळपोळीचा डबा परत आला, आत ॲपल पाय. ही पद्धत त्या अमेरिकन बाईंना कोणी शिकवली देव जाणे. दोघी शेजारी बसून मऊ ब्रशने खापऱ्या धुवायच्या, एक मराठीत बोलायची, एक इंग्रजीत, आणि त्यांचं कुठे अडायचं नाही. अडलं तरच मला हाक. मी तिथला शास्त्रज्ञ होतो आणि माझा उपयोग दुभाष्याचा.

आता त्या बंदराची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं. तिथे दोन वस्त्या होत्या. गल्लीच्या एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला फिनिशियन. दोघे समुद्रावरून वेगवेगळ्या दिशांनी आलेले. भाषा वेगळी, देव वेगळे, माती वेगळी, स्वयंपाकही वेगळा: एकीकडे मासळीचा खार, दुसरीकडे बकऱ्याची चरबी. एके दिवशी आग लागून सगळं होतं तसं गाडलं गेलं. कोडं असं, की काही ग्रीक घरांत फिनिशियन मातीची छोटी भांडी सापडत होती आणि फिनिशियन घरांत ग्रीक मातीची. दारू-तेलाचे मोठे रांजण असते तर व्यापार म्हणता आलं असतं. पण ही वीतभर उंचीची, जाडीभरडी, घरच्या वापराची. ती समोर विकत घ्यायला कोण जाईल? काही जण म्हणत लूट, काही म्हणत बायका तिकडून लग्न करून आल्या. मी व्यापारालाच धरून बसलो होतो. त्यात माझ्या यंत्राने आणखी घोळ घातला. या भांड्यांत त्याला दोन्हीकडचा स्वयंपाक सापडत होता, मासळीही आणि चरबीही. मी तशा सगळ्या तुकड्यांपुढे "नमुना खराब" असं लिहून मोकळा झालो होतो.

फेब्रुवारीतला गुरुवार होता. जोडून उभी केलेली त्यांतली तीन भांडी टेबलावर होती. मी त्यांना हातमोजे घातल्याशिवाय हात लावू शकत नव्हतो. काकूंनी पदराला हात पुसले, एक उचललं आणि उलटं केलं. प्रोफेसरबाईंनी खाली दोन्ही हात धरले.

"नाव घातलंय," काकू म्हणाल्या.

बुडाशी खिळ्याने ओढल्यासारख्या चार रेघा होत्या. माझ्या वहीत त्यांची नोंद होती: व्यापाऱ्याची खूण.

"ती व्यापाऱ्याची खूण आहे, काकू."

"व्यापाऱ्याची खूण सगळ्या नगांवर सारखी असते रे. ह्या तिन्हीवर वेगळी आहे, आणि हातही वेगळे. एकाचा हात कापतोय बघ. हे घरी बसून घातलंय, भांडं परत यावं म्हणून." मग त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि मला विचारलं, "कुठं मिळालं हे? दाराशी का?"

मी त्याच्या नोंदीचं कार्ड काढलं. उंबऱ्याच्या आत, डाव्या हाताला. दुसऱ्याचं कार्ड काढलं. उंबऱ्याच्या आत. तिसऱ्याचं काढायची गरज नव्हती, तरी काढलं.

"मग बरोबर," काकू म्हणाल्या. "समोरच्या बाईचं भांडं आहे. तिने तिचं काहीतरी घालून पाठवलं. हिने ते काढून घेतलं, आपल्या घरचं भरलं आणि द्यायला दाराशी ठेवलं. आत ठेवलं की विसरतं. द्यायचं राहिलं बिचारीचं."

मी तीन वर्षं त्या भांड्यांसमोर बसलो होतो. पुण्यात आमच्या दाराशी, चपलांच्या स्टँडवर, शेजारच्यांची वाटी ठेवलेली मी लहानपणापासून पाहिली होती. दोन स्वयंपाक, बुडाशी नाव, दाराशी जागा, सगळं माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात होतं. आणि ते दहा मिनिटांत वाचलं मिरजेच्या भांडीवालीने.

"व्हॉट डिड शी से?" प्रोफेसरबाईंनी विचारलं. त्या पुढे झुकल्या होत्या. माझ्याकडे अशा कधी झुकल्या नव्हत्या.

मी म्हणालो, "शी सेज इट रिमाइंड्स हर ऑफ होम."

"हो, होम, होम," काकू जोरात मान हलवत म्हणाल्या, कारण तेवढा एक शब्द त्यांना कळला होता. प्रोफेसरबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. खोटं म्हणावं तर ते खोटंही नव्हतं.

पुढचे तीन आठवडे मी ढोरासारखं काम केलं. "नमुना खराब" लिहिलेले सगळे तुकडे परत यंत्रात घातले. जिथे दोन स्वयंपाक, तिथे बुडाशी नाव. जिथे नाव, तिथे बहुतेक वेळा दार. तक्ते केले, नकाशे काढले आणि प्रोफेसरबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवले. त्या वाचत असताना मी उभा होतो. त्या "हं" म्हणाल्या नाहीत. त्या "ब्यूटिफुल" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हे काकूला सांग. तिला फार आवडेल."

"सांगतो," मी म्हणालो.

एप्रिलमध्ये डिपार्टमेंटच्या हॉलमध्ये माझं भाषण ठरलं. काकूंना पहिल्या रांगेत बसवायचं, असं प्रोफेसरबाईंच्या मनात होतं. मी त्यांना सांगितलं, काकूंचे गुडघे दुखताहेत. काकूंना सांगितलं, लॅब दुरुस्तीसाठी बंद आहे. इंग्रजी त्यांना कळलं नसतं, पण मला भीती पडद्यावरच्या फोटोंची होती. भांड्याचं बूड आणि दाराचा नकाशा पाहून त्यांना सगळं कळलं असतं, आणि मग त्या मोठ्याने बोलल्या असत्या.

भाषणाच्या आदल्या दिवशी दुपारी त्या आल्या. या वेळी हातात दह्याचा डबा नव्हता. मिरजेहून आणलेला त्यांचा स्वतःचा स्टीलचा डबा होता, गच्च बेसनाच्या लाडवांनी भरलेला.

"उद्या भाषण आहे म्हणे तुझं. आमचा मुलगा सांगत होता. काय शोधलंस रे?"

"व्यापाराचं काहीतरी आहे, काकू. किचकट आहे."

"असेल बाबा. तोंड गोड करून जा."

मी दोन लाडू खाऊन गेलो. भाषण फार चांगलं झालं. शेवटी कोणीतरी विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं? मी म्हणालो, आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे, शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. लोक कौतुकाने हसले. मी एका दमात सगळ्या भारताला श्रेय दिलं, एक बाई सोडून.

मे महिन्यात काकू परत निघाल्या. निघायच्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला आल्या तेव्हा मी आतल्या खोलीत होतो. दार लोटून घेतलं होतं. रूममेटला मी सांगून ठेवलं होतं, मी लॅबमध्ये गेलोय म्हणून सांग.

"तो लॅबमध्ये गेलाय, काकू," त्याने सांगितलं.

 मग काकूंचा आवाज आला, "उघडली वाटतं लॅब. बरं झालं. पोराचं काम अडलं होतं."

एवढंच बोलून त्या गेल्या. रूममेटने मला नंतर विचारलं, "यार, लॅब बंद कधी होती?" मी त्याच्यावरच डाफरलो.

पेपर दोन वर्षांनी छापून आला. त्यावर माझं नाव पहिलं, प्रोफेसरबाईंचं दुसरं. शेवटी आभाराच्या ओळीत "खापऱ्या धुणाऱ्या स्वयंसेवकांचे" असं एक वाक्य. छापायला देताना प्रोफेसरबाईंनी विचारलं होतं, काकूंचं नाव घालायचं का? आमच्याकडच्या मोठ्या बायकांना असं छापील नाव आवडत नाही, असं मी सांगितलं. आयुष्यभर हजारो भांड्यांवर नावं घालणाऱ्या बाईबद्दल मी हे सांगितलं.

पुढे त्या विषयात नोकरी काही मिळाली नाही. आता ओहायोत डब्लिनला एका कंपनीत रंगाचे थर तपासतो. तो पेपर सोडला तर त्या जगातलं माझं असं काही उरलेलं नाही. काकूंचा स्टीलचा डबा मात्र प्रत्येक नव्या घरात माझ्याबरोबर आला. दर वेळी वाटायचं, कोणाबरोबर तरी पाठवू. पण रिकामा पाठवता येत नव्हता, आणि भरायला घेतलं की हात थांबायचा. शेवटी तो दाराजवळच्या कपाटावर राहिला. त्यात मी गाडीच्या किल्ल्या टाकायला लागलो.

गेल्या नोव्हेंबरात काकूंच्या मुलाचा फोन आला. ऑफिसच्या कामासाठी तुझ्या जवळच, कोलंबसला आलोय, आईने तुझ्यासाठी काही दिलंय, दुपारी येऊ का? आला तो दारातच उभा राहिला आणि बॅगेतून त्याने दह्याचा प्लॅस्टिकचा डबा काढला. स्टेट कॉलेजच्या दुकानातला, तोच निळा पट्टा. आमची साबुदाण्याची खिचडी ज्यातून गेली होती तो.

"चुकून आईच्या सामानात मिरजेला गेला," तो म्हणाला. "चार वर्षं माझ्या मागे लागलीये. त्याचा पत्ता शोध, त्याचा डबा राहिलाय. मी म्हटलं, अगं प्लॅस्टिक आहे, फेक. ऐकतेय कुठली! आत मेतकूट आहे."

मी डबा घेतला. काकूंचीच सवय लागली असावी, कारण मी तो उलटा केला. बुडाशी टिंबाटिंबांनी, तापवलेल्या दाभणाने घातलं असावं, माझं नाव होतं. नाव, आडनाव, खाली पुणे.

"आई विचारत होती, तुझ्या त्या मडक्यांचं पुढे काय झालं?" मुलगा बोलत होता आणि बोलता बोलता त्याची नजर कपाटावर गेली. "अरे, हा आईचा ना? दे ना मग. डिसेंबरात मी जातोच आहे."

मी किल्ल्या काढून घेतल्या. डबा हातात रिकामा.

"असाच कसा देऊ?" मी म्हणालो.

"झालं! आईची लागण झालीये तुला," तो हसला.

बायको आतून म्हणाली, "थांबा, चकल्या आहेत, भरते." मी तिला एक मिनिट म्हटलं, वर गेलो आणि पेपरची छापील प्रत काढली. इतकी वर्षं ती जपून ठेवली होती, कोपराही दुमडलेला नव्हता. पेन घेऊन मी पहिल्या पानावर काकूंचं नाव लिहिलं, देवनागरीत, त्यांना वाचता येईल असं. मग प्रत घडी करून डब्याच्या तळाशी घातली आणि वर चकल्या भरल्या.

पानावर माझ्या नावाच्या वर भरपूर जागा होती. मी त्यांचं नाव खाली लिहिलं.